सात महिने, तीन अल्बम आणि आईचा तानपुरा

पावसाळ्याच्या तोंडावर आईचा जुना तानपुरा मिरजेला सतारमेकर गल्लीत दुरुस्तीला दिला, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पार झिजलेली, दोन खुंट्या फिरायच्याच नाहीत. आणायला गेलो तर काम चालूच होतं, जवारी काढणं, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करणं, त्यासाठी घोडीवर कानस मारायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस, मग तारेखाली दोरा सरकवून बघायचं. दीड तास बघत बसलो. शेवटी कारागीर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार छेडून म्हणाले, यात गंधार येतोय का बघा. तारा पंचमाच्या (प) आणि षड्जाच्या (सा), गंधाराची (ग) तारच नाही, आणि तरी आला ना राव, बारीक पण एकदम स्वच्छ!

तेव्हापासून सांगलीत घरी रोज रात्री तीनच अल्बम आलटूनपालटून ऐकतोय आणि कान आधी तानपुऱ्याकडं जातो.

किशोरीताई आमोणकरांचा भूप आणि बागेश्री रागांचा अल्बम आमच्या घरात लहानपणापासून वाजतोय, त्यातली ‘सहेला रे’ बंदिश तर पाठच आहे, पण खरं सांगतो, ऐकला आत्ता. भूपात मध्यम नाही निषाद नाही, पाचच सूर, वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ताई त्या गंधारावर येऊन थांबतात तेव्हा तो वेगळा लावलाय असं वाटतच नाही, तानपुऱ्यात जो आधीपासून आहे त्यातच जाऊन मिसळतो, पहिल्यांदा हे कानात पडलं त्या रात्री मी आईला झोपेतनं उठवलं. ती म्हणाली, मग, आम्ही काय सांगत होतो इतकी वर्षं. बागेश्री अजून पुरता उलगडला नाही मला, ऐकतोय.

एक मात्र, हे ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका. माझ्याकडचा छोटा स्पीकर तानपुरा गिळून टाकायचा, नुसता आवाज आणि तबला उरायचा. वायरचा साधा हेडफोन घेतला तेव्हा फरक कळला.

१९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ म्हणजे शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार, काश्मीरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळी अहिर भैरव ते शेवटी पहाडी. सुंदरच आहे, पहिला महिना रोज लावला, नंतर कमी झाला. काबरांची गिटार मात्र अजून ओढून नेते, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) अगदी गळ्यातनं आल्यासारखी.

आणि तिसरा, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचं संकलन. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, खरखर भरपूर, तानपुरा शोधावाच लागतो. पहिले दोन महिने मला काही सापडलं नाही, बंद करून टाकायचो. मग एकदा झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’ लागोपाठ चार वेळा ऐकली आणि लक्षात आलं की इथं आवाजच तानपुऱ्यासारखा लागलाय, तीच आस, तोच गोलावा, सूर सुटल्यावर मागं राहणारं ते गुंजन. तीन मिनिटांत घाई कुठंच नाही. खाँसाहेब १९३७ ला गेले, मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर, शेकडो वेळा तिथनं गेलोय मी.

मागच्या गुरुवारी आईला घेऊन तिथं गेलो. परत येताना गाडीत हेडफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या, अंकलीच्या पुलापर्यंत लांबचा वळसा घालूनच घरी आलो.