रॉबर्ट सेसिल की हेन्री पर्सी?
ट्यूडर आणि स्टुअर्ट या दोन्ही राजवटींतील इंग्रज उमरावाचे जीवन समजून घेण्यासाठी आधी कोणाचे चरित्र अभ्यासावे, अशा संभ्रमात एक विद्यार्थिनी आहे. सॉल्सबरीचा अर्ल सेसिल (१५६३–१६१२) हा एलिझाबेथ राणीच्या मंत्र्याचा मुलगा. त्याचे वैभव दरबारी पदांवर उभे होते. नॉर्थम्बरलंडचा नववा अर्ल पर्सी (१५६४–१६३२) याच्यापाशी मात्र जुने घराणे आणि वडिलोपार्जित जमीन होती. खर्चाच्या बाबतीत सेसिलचा हात सैल. हॅटफील्डचा प्रासाद उभारून तो मोठे कर्ज मागे ठेवून गेला. राजाची मर्जी फिरल्यावर उमरावाचे काय होते, हे पाहायचे तर पर्सीला तोड नाही. राजासह पार्लमेंट बंदुकीच्या दारूने उडवून देण्याच्या १६०५ च्या कटातला त्याचा नातलग थॉमस पर्सी, कट उघड होण्याच्या आदल्याच दिवशी, सायन हाउस या त्याच्या घरी पंगतीला होता. त्या संशयातून त्याला ३०,००० पौंडांचा दंड झाला आणि १६२१ पर्यंत लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले; तिथेही त्याने ग्रंथ आणि गणिती थॉमस हॅरियटची संगत सोडली नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. राज्यकारभार कसा चाले हे जाणून घ्यायचे असल्यास सेसिल निवडावा. जमीनजुमला, विद्याव्यासंग आणि राजाचा रोष यांत गुंतलेले आयुष्य पाहायचे असल्यास पर्सी.