बेंचवर नेतो म्हणाला आणि माझा नवा ट्रान्सड्यूसर बदलून आणला

२,४९८ डॉलर ७४ सेंट. एवढे गेले माझे, आणि सेंटसकट मुद्दाम लिहितोय कारण गेले दोन महिने जो तो मला "जाऊ दे रे, झालं गेलं" म्हणतोय. का जाऊ दे? हिशोब असा: ट्रान्सड्यूसर (मासे दाखवणाऱ्या सोनारचा पाण्यात राहणारा भाग) १,४९९.९९, त्यावर इथला सव्वाआठ टक्के टॅक्स १२३.७५, मजुरी ४५०, "केबल किट" म्हणून १८५, नंतर "नॉईज फिल्टर" म्हणून २४०. ट्रान्सड्यूसर मी दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतला, तो व्यवहार स्वच्छ होता. बाकीचे ८७५ मी माझ्या हाताने, माझ्या फोनवरून तो बसवायला आलेल्या माणसाला पाठवले.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. मूळचा देवगडकडचा, लहानपणी काकांबरोबर होडीत बसून गळ टाकायचो, त्यामुळे इथे आल्यावर जरा स्थिरस्थावर झालो तशी एक जुनी १७ फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. इकडच्या मराठी मंडळीत बोटवाले आता बरेच झालेत म्हणूनच हे लिहितोय, कारण त्या माणसाचा नंबर आपल्याच ग्रुपमधून फिरतोय.

लाइव्ह सोनार काय असतं ते बोटवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून मासे त्याच क्षणी स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. २०१८ला गार्मिनने लाइव्हस्कोप आणलं, मग लोरन्सचं ॲक्टिव्ह टार्गेट, हमिंगबर्डचं मेगा लाइव्ह. मी कुठलं घेतलं ते लिहीत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. मुद्दा एवढाच की जुना फिश फाइंडर बोटीखालचं दाखवायचा, हे पुढचं दाखवतं, आणि म्हणून ट्रान्सड्यूसर पुढच्या ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवायची छोटी इलेक्ट्रिक मोटर) शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, बसवतात, मोटर जिकडे वळेल तिकडे तो बघतो. म्हणजे त्याची केबल सतत फिरणाऱ्या, उचलल्या जाणाऱ्या, खाली टाकल्या जाणाऱ्या वस्तूवरून न्यायची असते. सगळी गोम त्या केबलमधे आहे.

मी स्वतः का नाही बसवला? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता राग येतो. माझ्या उजव्या खांद्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय, बोटीच्या नाकाडातल्या हॅचमधे पालथं पडून हात आत घालून केबल ओढणं मला जमत नाही. शिवाय फेब्रुवारी उजाडला होता, लेक फोर्क या इथल्या तळ्यात बास मासे किनाऱ्याकडे यायचे दिवस, टेक्ससचा १८.१८ पौंडाचा रेकॉर्ड बास १९९२च्या जानेवारीत तिथेच लागला होता, सगळे पाण्यावर आणि माझी बोट ड्राइव्हवेत. ग्रुपवर विचारलं तर एकाने लगेच नंबर दिला, घरी येऊन काम करतो, व्हॅन घेऊन फिरतो, माझं छान केलंय त्याने. रिव्ह्यू होते, फोटो होते. दुकानात तीन आठवड्यांचं वेटिंग होतं. कुणीही माझ्या जागी असता तर यालाच बोलावलं असतं.

माणूस आला, बोलायला एकदम गोड. मोटर बघितली, ३६ व्होल्टची, ६० इंची शाफ्ट, सगळं बरोबर ओळखलं. म्हणाला केबलवर जाळीची स्लीव्ह चढवली पाहिजे नाहीतर मोटर उचलताना माउंटमधे सोलली जाईल. हे खरंच आहे, आणि म्हणूनच पटलं. मग म्हणाला, "स्लीव्ह आणि दोन्ही टोकांची हीट श्रिंक मी बेंचवर करून आणतो, इथे ड्राइव्हवेत नीट होत नाही, उद्या सकाळी येऊन बसवतो." (हीट श्रिंक म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी.) आणि सीलबंद बॉक्स मी त्याच्या हातात दिला.

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. ही दारात उभी होती, तिने विचारलं, "अरे बॉक्स कशाला देतोयस त्याला?" मी म्हटलं, तसंच करतात. कुणाला विचारलं होतं मी तसंच करतात म्हणून? कुणालाच नाही. सिरियल नंबरचा फोटो काढला नाही. पावती मागितली नाही. बॉक्स त्याने व्हॅनच्या सीटखाली सरकवला आणि हात हलवून गेला. स्लीव्ह म्हणजे नुसती जाळी, दहा मिनिटांचं काम, त्याला कसलंही बेंच लागत नाही, हे मला आज कळतंय. तुमची नवी वस्तू तुमच्या नजरेआड जाता कामा नये, एक रात्रही नाही.

दुसऱ्या दिवशी बॉक्स उघडा आला. केबलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी स्लीव्ह, इतकी की प्लगजवळचा सिरियल नंबरचा टॅगसुद्धा हीट श्रिंकखाली गेलेला. मी केबल हातात घेतली. प्लगपासून साधारण वीतभर खाली अंगठ्याला काहीतरी टणक लागलं, चिंचोक्यापेक्षा जरा मोठं. विचारलं हे काय, तो म्हणाला फेराइट आहे, मोटरचा नॉईज येऊ नये म्हणून. आणि प्लगच्या आतल्या कडेला हिरवट बुरशीसारखा ठिपका होता, तांबं ओलं राहिल्यावर चढतो तसला. कालच्या सीलबंद बॉक्समधल्या वस्तूवर हिरवं कुठून येईल? मी तो ठिपका पाहिला, पाहून खिशातल्या रुमालाने पुसला आणि प्लग त्याला परत दिला. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. रात्री झोप लागत नाही ती या ठिपक्यामुळे. पैशापेक्षा त्या ठिपक्यामुळे.

बसवलं दोन तासात. चित्र आलं, मी खूश, ४५० आणि १८५ लगेच पाठवले.

पहिल्याच फेरीत मोटर डावीकडे वळवली की चित्र गोठायचं, आणि स्पीड वाढवला की स्क्रीनवर उभ्या रेघा. फोन केला तर पुन्हा गोड, लगेच आला, "तुझ्या मोटरचा नॉईज आहे, फिल्टर लागेल", २४० घेतले. आता हेही ऐकून ठेवा: मोटरचा नॉईज (आवाज नव्हे, विजेचा अडथळा) ही खरी गोष्ट आहे, म्हणूनच असले लोक ती सांगतात. मोटरची पॉवरची वायर आणि ट्रान्सड्यूसरची केबल एकत्र बांधली, किंवा सोनार मोटरच्याच बॅटरीवर चालवला तर रेघा येतात. उपाय म्हणजे दोन्ही वायरी लांब ठेवायच्या, सोनारला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी द्यायची. ओळख सोपी आहे, मोटर पूर्ण बंद करा, रेघा गेल्या तर मोटर, नाही गेल्या तर केबल बघा. माझं चित्र मोटर बंद असतानाही, नुसतं हाताने वळवलं तरी गोठतंय का? हे मी तपासलंच नाही, २४० देऊन मोकळा झालो.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी लेक फोर्कला वारा होता. स्पॉट लॉक लावलं, म्हणजे मोटर जीपीएसवर बोट जागच्या जागी धरून ठेवते आणि त्यासाठी स्वतःभोवती फिरत राहते. केबलला त्याने ढील ठेवलीच नव्हती, शाफ्टला वरपासून खालपर्यंत झिप टायने करकचून आवळली होती. पाऊण तासात केबलचे शाफ्टभोवती तीन वेढे बसले आणि खाटकन स्क्रीन काळा. मोटर वर घेतली तर स्लीव्ह त्या गाठीपाशी ताणून बारीक झालेली. मासे साफ करायच्या सुरीने स्लीव्ह उभी चिरली. आत फेराइट बिराइट काही नव्हतं. दोन वेगळ्या केबली, वरची काळी, खालची ऊन खाऊन करडी पडलेली, आणि मधे बारीक बारीक तारा एकेक करून क्रिंप केलेल्या (चिमटून जोडलेल्या), वर इलेक्ट्रिकची टेप. निम्म्या सुटलेल्या. शील्ड, म्हणजे विजेचा अडथळा अडवणारं तारांचं वेष्टण, तर जोडलेलीच नाही. कुणाच्या तरी जुन्या बोटीतून भोकातून प्लग निघेना म्हणून कापून काढलेला ट्रान्सड्यूसर होता तो. घरी येऊन टॅगवरची हीट श्रिंक काढली, बॉक्सवरचा सिरियल नंबर वेगळा, टॅगवरचा वेगळा.

या केबली कधीच कापायच्या नसतात. प्लग मोठा आहे, भोक लहान आहे, तर भोक मोठं करा आणि वर रबरी ग्रोमेट लावा. लांबी कमी पडली तर कंपनीची एक्स्टेंशन मिळते. केबल बांधायच्या आधी मोटर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, खाली, वर, सगळं करून बघा, मोटरच्या डोक्याजवळ मोठा लूप सैल ठेवा, शाफ्ट जिथे माउंटमधून सरकतो तिथे टाय मारू देऊ नका, आणि टाय एवढाच आवळा की केबल आत हलली पाहिजे.

त्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "पाण्यातल्या झाडाला आपटवलास." लेक फोर्कमधे बुडलेली झाडं खूप आहेत हे सगळ्यांना माहीत, म्हणजे उत्तर तयारच होतं. सिरियल नंबरचा फोटो पाठवला तेव्हा ब्लॉक.

आता पुढचं ऐका. पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर ४० मिनिटं होल्डवर. आलेला ऑफिसर सभ्य होता, पण त्याचं एकच, "वस्तू तुम्ही स्वतः दिलीत ना? मग हे सिव्हिल मॅटर." अहो, दिली ती बसवायला दिली, बदलायला नाही! चोराने खिडकीतून नेली असती तर चोरी आणि हसत हसत दारातून नेली तर सिव्हिल मॅटर? त्याने एक इन्सिडेंट नंबर लिहून दिला आणि सांगितलं की तो माणूस दुसऱ्या काउंटीत राहतो, तिकडे विचारा. तिकडे विचारलं तर म्हणे बोट तुमच्या गावात आहे, तुमच्या गावात तक्रार करा. दोन्हीकडे दोन दोनदा गेलो. कामावरून सुट्टी काढून गेलो, ती तर हिशोबात धरलीच नाहीये.

बँकेचं तेच. पैसे मी स्वतः पाठवले म्हणजे ते मान्यताप्राप्त पेमेंट, परत मिळत नाही. माझ्या खात्यात कुणी घुसून पाठवले असते तर गोष्ट वेगळी. झेल (फोनवरून पैसे पाठवायची सोय) काय किंवा तसलं दुसरं काय, म्हणजे रोख दिल्यासारखंच, हे गाठ मारून ठेवा, कारागीर कार्ड घेत नसेल तर कारागीर बदला. क्रेडिट कार्डवाल्यांना चोरीच्या संरक्षणाखाली क्लेम टाकला, त्यांना चोरीचा पोलीस रिपोर्ट पाहिजे. पोलीस म्हणतात चोरी नाही. कार्डवाले म्हणतात चोरी नाही तर क्लेम नाही. मधे मी. एका ग्राहक तक्रारीच्या ऑफिसला सगळे फोटो पाठवले, साडेतीन आठवड्यांनी छापील पत्र आलं, आम्ही व्यक्तिगत प्रकरणात कुणाची बाजू मांडत नाही. मग कुणाची मांडता?

उरलं जस्टिस कोर्ट, म्हणजे लहान दाव्यांचं कोर्ट. टेक्ससमधे २०,००० डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय टाकता येतो. फसवणुकीच्या व्यापाराच्या कायद्याखाली जायचं तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मी दिली, रजिस्टर्ड. पंधरा दिवसांनी परत आली, कारण त्याचा पत्ता म्हणजे एक भाड्याचं स्टोरेज गोडाऊन निघालं. माझ्याकडे त्याचं पूर्ण नावसुद्धा नाही, व्हॅनचा नंबर नाही. काम द्यायच्या आधी घरी आलेल्या माणसाच्या लायसनचा आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, त्याला राग आला तर येऊ दे.

ज्याने ग्रुपवर नंबर दिला त्याला मी दोष देत नाही, पण मी सांगितल्यावर त्यानेही आपल्या केबलवरची स्लीव्ह उघडून बघितली. त्याच्याही केबलला वीतभर अंतरावर तशीच गाठ आहे.

माझ्या नव्या ट्रान्सड्यूसरचा बॉक्स अजून गॅरेजमधे आहे, सिरियल नंबरच्या स्टिकरसकट आणि दुकानाच्या बिलासकट. फेब्रुवारीपासून पुढे डॅलस-फोर्टवर्थकडे तुम्हाला कुणी बॉक्स नसलेला कोरा ट्रान्सड्यूसर स्वस्तात विकला असेल तर प्लगजवळच्या टॅगचा फोटो मला पाठवा. मी तुमच्याकडे वस्तू परत मागणार नाही, मला फक्त तो कुणाकडून आणि कुठल्या पत्त्यावरून घेतलात ते हवंय.