गिटार येते, आता पहिलं मँडोलिन घ्यायचंय: ए की एफ, गोल भोक की एफ-होल, आणि पैसे नक्की कशावर घालायचे

गिटार वाजवणारा माणूस मँडोलिन घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ए-स्टाईल घेऊ की एफ-स्टाईल (ही बॉडीच्या दोन आकारांची नावं). माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाई असेल त्याने इथेच थांबावं: पहिलं मँडोलिन ए-स्टाईल घ्या, निदान टॉप (वरची फळी) तरी सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा असू द्या, नटपाशी (नेकच्या टोकाची तारांच्या खाचा असलेली पट्टी) नेक जरा रुंद बघा आणि उरलेले पैसे सेटअपवर, म्हणजे वाद्य वाजवायला नीट जुळवून घेण्यावर घाला. आता हे का, ते सविस्तर.

आधी हाताचं बघू, कारण गिटारवाल्याची खरी अडचण तिथे असते, शेपमध्ये नाही. मँडोलिनला आठ तारा, पण चार जोड्या, आणि जाडीकडून बारकीकडे सूर जी-डी-ए-ई, म्हणजे व्हायोलिनचंच ट्युनिंग. गिटारच्या जाड चार तारा ई-ए-डी-जी, त्या उलट्या वाचल्या की मँडोलिन. त्यामुळे एक गंमत होते. गिटारवर जी कॉर्डमध्ये जाड ई तिसऱ्या फ्रेटवर, ए दुसऱ्या फ्रेटवर, डी आणि जी मोकळ्या. मँडोलिनवरही ई तिसऱ्यावर, ए दुसऱ्यावर, डी आणि जी मोकळ्या, आणि झाली जी कॉर्ड. ई मायनर तशीच, सी तशीच (ए तिसऱ्यावर, डी दुसऱ्यावर), फक्त आकार आरशात बघितल्यासारखा उलटा. दोन बोटांच्या या कॉर्ड हातात बसायला एक संध्याकाळ पुरते आणि माणसाला वाटतं अरे हे तर सोप्पं आहे. मग ब्लूग्रासवाले (ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन घेऊन वाजवलं जाणारं अमेरिकन संगीत) वाजवतात ती जी ची 'चॉप' कॉर्ड, म्हणजे झटक्यात मारून लगेच तोडलेली, समोर येते, जाडीकडून बारकीकडे सातवा, पाचवा, दुसरा, तिसरा फ्रेट, चारही बोटं ताणून, आणि सोप्पं वगैरे सगळं विसरायला होतं 😅

मोजमापं बघा. स्टीलच्या तारांच्या गिटारची तार नटपासून ब्रिजपर्यंत साधारण ६४-६५ सेंटिमीटर, नेहमीच्या मँडोलिनची ३५ च्या आसपास. नट गिटारचा ४३-४४ मिलिमीटर, त्यात सहा तारा. मँडोलिनचा २८ ते ३० मिलिमीटर, त्यात आठ. म्हणजे फ्रेट जवळजवळ आले, तारा जवळजवळ आल्या आणि वर एका बोटाने एकदम दोन तारा दाबायच्या. गिटारने बोटांना घट्टे पडलेले असले तरी सुरुवातीला दुखतंच, कारण दोन बारीक कडक तारा एकाच जागी रुततात. म्हणून नेक निवडताना नटची रुंदी नुसती वाचून सोडून देऊ नका, गिटारवाल्यासाठी तो एखाद-दीड मिलिमीटरचा फरक एफ-स्टाईलच्या सगळ्या नक्षीपेक्षा जास्त मोलाचा आहे. बोटं जाड असतील तर २८ च्या वरचाच नट शोधा. फ्रेटबोर्ड सपाट आहे की किंचित गोलाईचा हेही विचारा. स्टीलस्ट्रिंग गिटारच्या हाताला गोलाईवाला बहुतेकदा पटकन मानवतो, क्लासिकल गिटारवरून येणाऱ्याला सपाट खटकणार नाही.

ए आणि एफ

ए म्हणजे थेंबाच्या आकाराची साधी बॉडी. एफ म्हणजे वर ती गुंडाळी, म्हणजे स्क्रोल, आणि खाली टोकं असलेली. हे दोन्ही शेप गिब्सन या अमेरिकन कंपनीचे. एफ-५ हे मॉडेल १९२२ मध्ये आलं, वाद्यरचनाकार लॉइड लोअर तिथे असताना, आणि त्यात व्हायोलिनसारखे एफ-होल, म्हणजे टॉपवरची एफ अक्षराच्या आकाराची भोकं, आले. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मनरोच्या हातात जे गाजलं ते जुलै १९२३ चं एफ-५. तेव्हापासून ब्लूग्रास म्हटलं की डोळ्यांसमोर तोच शेप येतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक एफ घेतात ते याच कारणाने, दिसायला भारी. त्यात गैर काही नाही, जे वाद्य बघून हातात घ्यावंसं वाटतं ते जास्त वाजवलं जातं हेही खरंच. पण आवाजाचं विचाराल तर त्या स्क्रोलचा आवाजात ऐकू येईल एवढा वाटा मला तरी कधी सापडला नाही. लाकूड, टॉपची जाडी, आतले बार आणि भोकाचा प्रकार सारखा असला की ए आणि एफ डोळे मिटून ओळखणं अवघड.

किमतीत मात्र फरक मोठा, कारण ती गुंडाळी, टोकं, कडेचं बाइंडिंग हे सगळं वेळखाऊ हातकाम. ईस्टमन कंपनीचं उदाहरण घ्या, एमडी-३०५ हे ए आणि एमडी-३१५ हे एफ, दोन्ही एकाच मालिकेतले, दोन्ही एफ-होलवाले, दोन्ही सॉलिड लाकडाचे कोरीव. ३१५ ला जास्त मोजता ते शेपसाठी. उलट बाजूने बघा, तेवढेच पैसे घेऊन ए च्या बाजूला गेलात तर एक पायरी वरचं वाद्य येतं. आणि स्वस्तातलं एफ, म्हणजे ए च्या भावात मिळणारं एफ, त्यापासून लांबच राहा, कारण तिथे नक्षीचा खर्च लाकडातून आणि कारागिरीतून कापलेला असतो, दुसरीकडून कुठून येणार.

एफच्या बाजूने एक व्यवहारातली गोष्ट आहे ती सांगायला हवी. पट्टा अडकवायला स्क्रोल बरा पडतो आणि बसून वाजवताना खालचं टोक मांडीवर टेकतं, वाद्य घसरत नाही. ए थोडं घसरतं. पट्टा लावा, बसूनही लावा, प्रश्न मिटला.

एफ-होल की गोल भोक

हा प्रश्न खरा आवाजाचा आहे आणि यावर लोक कमी वेळ घालवतात. एफ-होलवाल्याचा आवाज पुढे फेकला जातो, तुटक, धारदार, चॉप मारला की टक्कन येतो आणि विरतो, चार वाद्यांच्या गर्दीत ऐकू जातो. गोल किंवा लंबगोल भोकवाल्याचा आवाज जास्त वेळ घुमतो, खर्जात भरलेला, थोडा मऊ. गिटारवाल्याच्या कानाला हा दुसरा आवाज लगेच आवडतो, कारण मोकळ्या कॉर्ड झणकावून त्या घुमू द्यायची सवय असते आणि एफ-होलवर तीच कॉर्ड झणकावली की वाटतं आवाज गेला कुठे.

मग कुणी काय घ्यावं? एकट्याने वाजवणार, गाण्याला साथ करणार, आयरिश धून किंवा शांत चाली आवडतात, तर लंबगोल भोक. ग्रुपमध्ये जिथे आधीच गिटार आहे, बँजो किंवा फिडल आहे, तिथे एफ-होल, कारण गिटारच्याच पट्टीत घुमणारं आणखी एक वाद्य तिथे कुणाला नकोय. काहीच ठरलेलं नसेल तर एफ-होलवालं ए, कारण सुरुवातीच्या किमतीत त्याचेच पर्याय जास्त आहेत आणि पुढे विकायला काढलं तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. जुन्या पद्धतीच्या लंबगोलवाल्यांत नेक बाराव्या फ्रेटपाशी बॉडीला मिळतो, एफ-५ घराण्यात पंधराव्या. म्हणजे वरच्या फ्रेटवर जाऊन सोलो करायची हौस असेल तर हेही मनात ठेवा. पण पहिल्या वर्षात बाराच्या वर किती जाणार आहात ते स्वतःलाच विचारा.

सॉलिड, लॅमिनेट, आणि मधलं

गिटारमध्ये जे शिकलात तेच इथे, फक्त जास्त तीव्रतेने, कारण टॉप एवढासा आणि त्याच्यावर आठ तारांचा ताण. सगळं सॉलिड, म्हणजे स्प्रूसचा टॉप आणि मेपलची पाठ, कोरून केलेलं, हे सुरुवातीच्या किमतीतही मिळतं, केंटकी केएम-१५० हे त्यातलं नेहमी घेतलं जाणारं नाव. त्याखाली फक्त टॉप सॉलिड, बाकी लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवलेलं. त्याखाली सगळंच लॅमिनेट. सगळं लॅमिनेट घेऊ नका असं मी म्हणणार नाही. प्रवासात, दमट हवेत, मुलांच्या हातात ते टिकतं, भेगा जात नाहीत. पण त्याचा आवाज डबीत बंद केल्यासारखा येतो, आणि ज्याचा कान गिटारवर तयार झालाय त्याला तो महिन्या-दोन महिन्यांत छळायला लागतो. बिगिनरला काय कळतंय, कुठलंही चालेल, असं सांगणारे भेटतात, पण तुम्ही बिगिनर फक्त डाव्या हाताने आहात, कानाने नाही.

एक पर्याय उगाच मागे पडतो तो म्हणजे फ्लॅट-टॉप मँडोलिन. टॉप कोरलेला नाही, गिटारसारखा सपाट, आत ब्रेसिंग, गोल भोक. कोरीव काम नसल्यामुळे त्याच पैशात चांगलं लाकूड मिळतं आणि आवाज गिटारवाल्याच्या ओळखीचा. ब्लूग्रास करायचं नसेल तर माझ्या यादीत हे दुसऱ्या नंबरवर आहे, कधीकधी पहिल्याही.

पाठ फुगीर असलेलं नेपल्सचं बोलबॅक मात्र पहिलं म्हणून नको. दिसायला सुंदर, इटालियन क्लासिकल वाजवायचं असेल तर तेच हवं, पण मांडीवर टिकत नाही, नेक अजून अरुंद, आणि स्वस्तात मिळणारी जुनी बोलबॅक बहुतेकदा दुरुस्ती मागणारी. त्यात कुणी हौसेने हल्लीच्या मीडियम तारा, म्हणजे ११ ते ४० चा सेट, चढवला तर ताणाने टॉप खाली दबू शकतो. त्याला हलक्या ताराच लागतात.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीत इलेक्ट्रिक मँडोलिनवर वाजवलं ते जोडतारांऐवजी एकेरी तारा लावून, आणि ज्याला मींड, गमक, तार ओढणं हवंय त्याच्यासाठी तोच रस्ता, कारण जोडतार ओढली की दोन तारा वेगवेगळ्या पळतात. इलेक्ट्रिक गिटारवर बेंड मारायची सवय असलेल्यांनी हे घ्यायच्या आधीच लक्षात घ्यावं, अकूस्टिक मँडोलिनवर तुमचे बेंड जवळपास बंद. स्वर लांबवायचा तर ट्रेमोलो, म्हणजे पिकने वर-खाली भराभर, आणि ते उजव्या हाताचं काम गिटारवरून आयतं येत नाही.

मँडोलिनच हवंय का, हेही एकदा बघा

काही गिटारवाल्यांना खरं तर ऑक्टेव्ह मँडोलिन हवं असतं, फक्त त्यांना ते माहीत नसतं. तेच जी-डी-ए-ई, पण एक सप्तक खाली, तार साधारण ५० ते ५८ सेंटिमीटर, म्हणजे हाताला गिटारच्या जवळ आणि गाण्याच्या साथीला झकास. तोटा हा की मँडोलिनच्या धून त्यावर त्याच बोटांनी वाजवायला गेलं की ताण पडतो, आणि वाद्य महाग, पर्याय कमी. दुसरा पर्याय टेनर गिटार, चार एकेरी तारा, ऑक्टेव्ह मँडोलिनच्याच सुरात लावता येते, तारांचा सेट तसा बदलायचा. बोटं दुखण्याचा प्रश्न कमी, पण मँडोलिनचा तो जोडतारांचा चमचमता आवाज नाही, आणि तोच हवा म्हणून निघाला असाल तर मग ही घेऊन उपयोग काय.

मँडोलिनलाच गिटारचं ट्युनिंग लावणारेही आहेत, बारीक चार तारांचं डी-जी-बी-ई. करता येतं, कॉर्ड लगेच येतात. मी नको म्हणेन. फिफ्थमध्ये, म्हणजे सा-प च्या अंतराने लावलेल्या तारांमुळे एका जागी हात ठेवून दोन सप्तकांच्या पुढे जाता येतं, दर बोटाला दोन फ्रेट अशी व्हायोलिनची बोटं बसतात, आणि मँडोलिनसाठी लिहिलेलं सगळं त्याच हिशोबाने लिहिलेलं असतं.

सेटअप, ज्याच्यावर सगळं अवलंबून

मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर नुसता उभा असतो. गिटारवाले इथे फसतात, सगळ्या तारा एकदम काढतात आणि ब्रिज हातात येतो. तारा एक-एक जोडी करून बदला. नवीन वाद्य डब्यातून येतं तेव्हा ब्रिज जागेवर असेलच असं नाही, तो टॉपला नीट बसलेला असेलच असंही नाही, आणि नटच्या खाचा बहुतेकदा उंच ठेवलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर दाबताना जीव जातो. बघायचं असं: बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर, आणि बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा स्वर) आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर सारखा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिज मागे, टेलपीसकडे (जिथे तारा खाली अडकवतात) सरकवा, उतरा येत असेल तर नेककडे. हे घरी जमतं. नटच्या खाचा मात्र माहितगाराकडूनच करून घ्या, एकदा जास्त खोल गेल्या की नट नवीन.

म्हणून दोन वाद्यांमध्ये अडकलात, एक जरा वरच्या मॉडेलचं पण डब्यातून सरळ, दुसरं खालचं पण सेटअप करून हातात देणारं, तर दुसरं घ्या. आणि त्याच वेळी पिकही वेगळी घ्या, गिटारची पातळ पिक मँडोलिनवर फडफडते, दीड मिलिमीटरच्या आसपासची जाड, कोपरा गोलसर असलेली बघा. तारा लूप-एंडच्या, म्हणजे टोकाला फास असलेल्या मागा, गिटारच्या बॉल-एंड तारा बहुतेक टेलपीसवर बसत नाहीत. एक सेट जास्तीचा ठेवलात तर बरं, ई तार सगळ्यात बारीक आणि सुरुवातीला सूर लावताना तीच पहिली तुटते.