याकुझा ० की याकुझा: लाइक अ ड्रॅगन?

सेगा कंपनीच्या, याकुझा म्हणजे जपानी गुंडांच्या टोळ्यांवरच्या या व्हिडिओ गेम मालिकेत पहिल्यांदाच उतरणाऱ्याला मी ‘याकुझा ०’च सुचवतो. काळ डिसेंबर १९८८, जपानमध्ये पैशाला पूर आलेला. एका मोकळ्या भूखंडावर खून होतो, आळ नायक किर्यूवर येतो आणि त्या चिमूटभर जमिनीसाठी टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठतात. दुसरा नायक माजिमा ओसाकात कॅबरे चालवतो. पहिल्याच प्रसंगात तो एका माजलेल्या गिऱ्हाइकाला हात न उगारता असा काही नमवतो की बघत राहावं! मारामारीत शत्रूंच्या अंगातून नोटा उडतात आणि त्याच खर्चून नवे डाव शिकता येतात. नकाशा छोटा, पण गल्लीगल्लीत काहीतरी घडत असतं. खटकतं ते एवढंच की गेम सेव्ह करायला टेलिफोन बूथ शोधावा लागतो आणि संवाद फार लांबतात.

२०२० च्या ‘लाइक अ ड्रॅगन’मध्ये मारामारी आळीपाळीची आहे, म्हणजे एकदा आपला डाव, एकदा शत्रूचा. यातलं योकोहामा शहर प्रशस्त आहे. मात्र आपली माणसं कुठे उभी राहतील हे आपल्या हातात नसतं, आणि बाराव्या प्रकरणात अडचण एकदम इतकी वाढते की आपल्या पात्रांची लेव्हल, म्हणजे ताकद, वाढवत बसावं लागतं. तरी नायक इचिबान, बेघर नानबा आणि नोकरी गेलेला पोलीस आदाची यांची दोस्ती मनापासून आवडते. बटणं बडवायचा कंटाळा असेल, तर खुशाल इथूनच सुरुवात करा.