कडाक्याच्या थंडीत, रस्ता सोडून जाणारा ट्रक: पाटे, कॉइल की बलून?

ट्रकचं सस्पेन्शन निवडताना लोक आधी विचारतात, वजन किती पेलेल आणि धक्के किती कमी बसतील. उणे ३०-४० अंशांत, जिथे रस्ताच नाही तिथे गाडी न्यायची असेल तर माझा पहिला प्रश्न असतो: यातलं काही तुटलं, तर गाडी आपल्या पायांनी परत येईल का? अशा ठिकाणी मदत पोचायला दिवस जातो आणि बंद गाडीत रात्र काढणं जिवावर बेततं. पुढची सगळी तुलना मी याच प्रश्नावरून केली आहे.

थंडीत आधी दगा देतं ते रबर, तेल आणि हवेतला ओलावा. पोलादाची पाळी बऱ्याच उशिरा येते. ज्या सस्पेन्शनचं काम रबरावर आणि हवेवर जास्त अवलंबून, ते थंडीत तेवढं हळवं.

म्हणून सुरुवात जुन्या पाट्यांपासून, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगपासून. एकावर एक आठ-दहा पाटे रचलेल्या सेटमध्ये पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच धक्का बराचसा जिरतो. शॉकअप (गाडीची उसळी आवरणारा तेलाचा दट्ट्या) थंडीने आखडला तरी गाडी चेंडूसारखी उसळत नाही. मधला एखादा पाटा तुटला तर बाकीचे भार उचलतात, सावकाश चालवत घर गाठता येतं. मेन पाट्याची, म्हणजे सगळ्यात लांब, वरच्या पाट्याची, गोष्ट मात्र वेगळी. एक्सल (दोन्ही चाकांमधला आस) जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. तो तुटला की एक्सल तिरका सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढायला लागते. त्यामुळे सेट घेताना दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती (टोकाच्या गोल कडीभोवती) वळवलेलं आहे का, ते वाकून बघा. मेन पाटा गेला तरी ते टोक एक्सलला धरून ठेवतं. सैबेरियात वर्षानुवर्षं राबलेला, १९७७ पासून बनणारा उरल-४३२० हा रशियन ट्रक पुढे-मागे पाट्यांवरच उभा आहे, तो उगाच नाही.

पॅराबोलिक पाटे याच घरातले, पण स्वभावाने निराळे. मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत गेलेले दोन-तीनच पाटे. मध्यावर आणि टोकांशीच टेकतात. वजन कमी, रिकामी गाडीही कमी आदळते. पण घर्षण जवळपास नसल्याने सगळी भिस्त शॉकअपवर, आणि तीनातला एक तुटला तर एक तृतीयांश ताकद गेली. पुढच्या एक्सलला मला ते आवडतात. मागे, पूर्ण लोडखाली, नाही.

‘थंडीत पोलाद ठिसूळ होतं’ हे खरं, पण पाटा नुसत्या थंडीने तुटत नाही. दगडाची टीच किंवा गंजाचा बारीक खड्डा, तिथून भेग सुरू झालेली असते. उबदार हवेत ती भेग महिनोन्‌महिने कळत नाही. उणे ४० ला एका आपटीत आरपार जाते. तुटलेल्या पाट्याचं तोंड उजेडात धरून बघा. कडेला नखाएवढा काळपट, गंजलेला डाग दिसेल आणि बाकी सगळं करकरीत, दाणेदार. तो डाग म्हणजे जुनी भेग, करकरीत भाग आज सकाळचा. हिवाळ्याआधी पाटे धुऊन, तारेच्या ब्रशने घासून बघायचे ते या डागासाठी. आणि तुटलेला पाटा वेल्डिंग करून कधीही वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो.

कॉइल स्प्रिंगची खरी ताकद म्हणजे चाकाची हालचाल. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर, तरी चारही जमिनीला धरून. युनिमॉग हा जर्मन ट्रक पहिल्यापासून कॉइलवर आहे आणि खडबडीत जमिनीवर तो जे करतो ते पाट्यांवरच्या गाडीला सहजी जमत नाही. पण कॉइल फक्त वजन पेलते, एक्सलला धरत नाही. त्यासाठी आर्म लागतात, आडवा रॉड लागतो आणि त्यांच्या टोकांना बहुधा रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्या, असतात. नैसर्गिक रबर उणे २५ च्या आसपास बराच काळ पडून राहिलं की आतून घट्ट व्हायला लागतं. बुश पिळवटला जाईनासा झाला की तो ताण ब्रॅकेटवर आणि त्याच्या वेल्डवर जातो. चिखलात टिकतात म्हणून पॉलीयुरेथेनचे बुश बसवणारे पुष्कळ आहेत. तेही या थंडीत कडक होतात, खरेदीआधी किमान तापमान विचारा. शिवाय कॉइल तुटली तर साखळीने बांधून भागत नाही. भार हलका आणि दरवेळी साधारण तेवढाच असेल, तर कॉइलच घ्या.

एअर सस्पेन्शन, म्हणजे हवा भरलेले रबरी बलून. रिकामी असो वा भरलेली, गाडी एकाच उंचीवर चालते. नाजूक यंत्रं न्यायची असतील तर याला तोड नाही. अडचण सकाळी कळते. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ८ बार दाबाने भरलेली हवेची टाकी उणे ४० मध्ये गेली की, जराही गळती नसताना, साधारण ६.२ बारवर येते. त्यात रबर कडक होऊन एखादा जोड झिरपू लागला, तर रात्रभरात गाडी खाली बसून बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) टेकते. ती इंजिन चालू करून उचलता येते, पण हवेतल्या ओलाव्याचा बर्फ गाडीची उंची सांभाळणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हमध्ये अडकला असेल तर एक बाजू उठते आणि दुसरी नाही. हवेतला ओलावा शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज हिवाळ्याच्या तोंडावर बदलणं इथे सक्तीचंच समजा, कारण ब्रेकही त्याच कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. पाण्यातून गाडी काढल्यावर बलूनच्या खालच्या घडीत पाणी साचून गोठतं आणि गाडी हलली की तो बर्फाचा कंगोरा दर झोल्याला रबरावर घासतो. मुक्कामाला पोचल्यावर हात घालून ती घडी साफ करायला पाच मिनिटं लागतात.

टाट्रा या चेक ट्रकची रचना, म्हणजे मधोमध जाड नळी आणि तिच्यावर झुलणारे अर्धे एक्सल, १९२३ पासून आहे आणि उत्तम आहे. पण ती नुसतं सस्पेन्शन म्हणून मिळत नाही, ट्रकच तो घ्यावा लागतो.

काहीही घेतलं तरी शॉकअपचा निर्णय उरतोच. एकाच नळीचा मोनोट्यूब लवकर थंड होतो, लांबच्या खडबडीत वाटेवर फेस धरत नाही. पण त्याच्या नळीतच पिस्टन फिरतो. दगडाने पोचा पडला की तो अडकतो. दोन नळ्यांच्या ट्विन ट्यूबला बाहेरची नळी आडोसा देते. दगडधोंड्यांच्या वाटेवर मी ट्विन ट्यूब घेईन, थंडीत पातळ राहणाऱ्या तेलाचा. सकाळचे पहिले काही किलोमीटर हळूच चालवा. तेल घट्ट आणि सील कडक असताना वेगाने खड्डे घेतले की सील तिथेच फुटतो.

माझं मत सांगतो. भारी लोड, रस्ता नाही, मदत लांब: मागे बहुपाटी सेट, पुढे पॅराबोलिक. हलका लोड आणि फार उंचसखल जमीन: कॉइल, सोबत जास्तीचे बुश. बलून तेव्हाच, जेव्हा माल धक्का सोसणारा नाही आणि रात्री गाडी आत, उबेत उभी करता येते. पाट्यांचा नवा सेट बसवलात तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा टॉर्क लावून आवळून घ्या. ते सैल राहिले तर पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट कापला जातो आणि नव्याकोऱ्या पाट्यांवरचा एक्सल जागा सोडतो.