मोडीत पक्के, पलटणीत कच्चे: दादरमधील एका वंशावळ-शोध सेवेचा अनुभव

आमच्या घरात खापरपणजोबांचा उल्लेख ‘कंदाहारवाले’ एवढाच होत असे. दापोलीजवळच्या गावातून ते पलटणीत गेले, सरहद्दीपलीकडे लढले आणि पुढे त्यांचे काय झाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजीच्या पेटीत मात्र त्यांचे चांदीचे पदक होते. गेल्या दिवाळीनंतर दादरमधील एका खासगी वंशावळ-शोध सेवेकडे हे काम सोपवले. शुल्क १८,००० रुपये, निम्मे आगाऊ, मुदत चार महिने. अहवाल हाती आला सहा महिन्यांनी.

मोडीचे काम पाहणारे तेथील गृहस्थ अतिशय जाणकार आहेत. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीच्या (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवहीच्या) पानाचे छायाचित्र त्यांनी मिळवले, त्याचे ओळीला ओळ लावून बाळबोध म्हणजे देवनागरी लिप्यंतर दिले आणि जेथे अक्षर पुसट होते तेथे अंदाज न बांधता जागा मोकळी सोडली. पाच पिढ्यांची नावे आणि आम्ही कधी न ऐकलेली एक चुलत शाखा, एवढे सगळे त्या एका पानातून निघाले. एवढ्यासाठीही पैसे दिल्याचे वाईट वाटले नसते.

घोळ झाला तो पलटणीच्या प्रकरणात. खापरपणजोबा २७ जुलै १८८० रोजी, दुसऱ्या अफगाण युद्धात, कंदाहारजवळच्या मैवंदच्या लढाईत ग्रेनेडिअर्स पलटणीकडून लढताना धारातीर्थी पडले, असे अहवालात ठासून लिहिले होते. आधार काय, तर मृतांच्या एका यादीत जुळलेले नाव. त्या नावाची माणसे आमच्या एका वाडीतच तीन निघतील!

त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. या मंडळींनी राणीच्या मुखवट्याच्या बाजूचे छायाचित्र मागवून घेतले, कड पाहिलीच नाही. मी घरी तिरक्या उजेडात भिंग धरून ती वाचली, तर तेथे १९वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती. ही पलटण मैवंदला नव्हतीच. बॉम्बेच्या पायदळापैकी तेथे १ली ग्रेनेडिअर्स आणि ३०वी जेकब्स रायफल्स लढल्या. १९वी कंदाहारच्या वेढ्यात अडकली होती आणि १६ ऑगस्टला शहराबाहेरच्या देह खोजा गावावर झालेल्या निष्फळ चढाईत उतरली होती.

त्याहून खेदाची गोष्ट अशी की, त्यांच्याच अहवालाच्या अकराव्या पानावर, नामावळीच्या लिप्यंतरात, शके १८०६ मध्ये, म्हणजे १८८४ च्या सुमारास, खापरपणजोबा भावासह त्र्यंबकला आल्याची नोंद आहे आणि नावाखाली त्यांची नांगराची निशाणीही आहे. मोडी वाचणारा आणि अहवाल लिहिणारा यांची गाठ पडली नसावी.

तक्रार केल्यावर त्यांनी वाद न घालता चूक मान्य केली आणि वेगळे शुल्क न घेता ती पाने दुरुस्त करून दिली, हे नमूद करायला हवे. घराण्याची नावे हवी असतील तर त्यांच्याकडे अवश्य जावे. शिपाई शोधायचा असेल तर आधी घरातले पदक, पेन्शनचे कागद स्वतः तपासावेत आणि पलटण ठरल्यावरच काळा घोड्याचे राज्य पुराभिलेखागार किंवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची दप्तरे यांच्या मागे लागावे.

भिंतीवर लावायच्या वंशवृक्षाची सुधारित प्रत मात्र अद्याप आलेली नाही. जुन्या प्रतीत खापरपणजोबांच्या नावापुढे ‘निधन १८८०’ आणि दोन तलवारी आहेत.