नखांसाठी बायोटिन गमीज, पाच महिन्यांचा अनुभव (आधी झाकणाबद्दल बोलू)

दोन स्टार देतेय. एक चवीला, स्ट्रॉबेरी खरंच बरी आहे. दुसरा खरं तर मेंदीचा आहे, ते खाली कळेल.

पण आधी झाकण. ही वस्तू (बायोटिन ह्या बी गटातल्या व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या) कोणासाठी आहे तर ज्यांची नखं तुटतात त्यांच्यासाठी, बरोबर? आणि बरणी उघडायची कशी, तर झाकण दाबून धरायचं आणि दाबलेलंच फिरवायचं, ते दोन-तीनदा कटकट करून निघालं की आत चंदेरी सील, आणि त्या सीलला कडेला एक एवढीशी जीभ, ती नखाने उचलायची. नखाने! पहिल्याच दिवशी उजव्या अंगठ्याच्या नखाचा पापुद्रा त्या जिभेत अडकून अर्ध्यापर्यंत सोलला गेला. शेवटी सुरीचं टोक खुपसून सील फाडलं. ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या घरात पन्नाशीच्या पुढची एकही बाई नसावी, किंवा असली तर तो तिच्याशी बोलत नसावा.

आता माझं सांगते. वय ५७, पाळी जाऊन सहा वर्षं, थायरॉइडची गोळी बारा वर्षं चालू. तरुणपणी माझी नखं म्हणजे हत्यार होतं. वालाच्या डाळिंब्या टकाटक सोलायचे, लसूण, सेलोटेपचं हरवलेलं टोक, किल्लीची रिंग, सगळं नखाने. गेल्या चार-पाच वर्षांत ते गेलं. माझं नख सरळ तुटत नाही, उलतं, टोकाला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात आणि मग ते साडीच्या जरीत अडकतं, गादीच्या चादरीत अडकतं, एकदा तर बसमध्ये पुढच्या बाईच्या स्वेटरमध्ये अडकलं आणि मलाच सॉरी म्हणावं लागलं. शिवाय उभ्या रेघा आल्यात, बोट फिरवलं की कॉरड्रॉयच्या पँटवर फिरवल्यासारखं लागतं, आणि अंगठ्याच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर असायची ती जवळजवळ दिसेनाशी झालीय. जाऊबाई म्हणाल्या कॅल्शियम कमी झालंय. प्रत्येकाला कॅल्शियमच सुचतं.

तर डिसेंबरच्या ८ तारखेला पुतणीची मेंदी होती. मेंदीवालीने आमच्या पद्धतीप्रमाणे बोटांची पेरं नखांसकट पूर्ण भरली. लग्नात फोटो बघून लाज वाटली म्हणून १५ डिसेंबरपासून ह्या गमीज सुरू केल्या, ६० गोळ्यांची बरणी ६४९ रुपये. रोज दोन घ्या लिहिलंय, मी एकच घेत होते, कारण दोन घेतल्या तर महिन्याला साडेसहाशे होतात आणि एक घेतली तर दोन महिन्यांना, हा हिशोब ज्याला कळत नाही त्याने कधी घर चालवलेलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला मी ह्याच प्रॉडक्टला चार स्टार दिले होते. पापुद्रे जवळजवळ थांबले होते, टोकं गुळगुळीत, बटाट्याचं उकडलेलं साल नखाने निघायला लागलं. एवढी खूश झाले की दोन बरण्यांचा कॉम्बो मागवला ११४९ ला, आणि तेव्हापासून रोज दोन घ्यायला लागले, म्हटलं अर्ध्या डोसात एवढं तर पूर्ण डोसात काय होईल. एक स्टार तेव्हाही झाकणासाठीच कापला होता. ते चार स्टार आता मागे घेतेय, आणि का ते नीट सांगते कारण ते फसणं मला अजून टोचतं.

मार्चच्या सुरुवातीला मुलगी आली होती, दोघी मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "आई, तुझी मेंदी अजून एवढी कशी?" हातावरची तर कधीच गेली होती, पण नखावरची मेंदी धुऊन जात नाही, नख वाढेल तशी ती पुढे सरकते आणि शेवटी नेलकटरने कापली जाते. तिच्या मधल्या बोटावर टोकाला बारीक केशरी पट्टी उरली होती, माझ्या नखावर चांगली रुंद होती. मी कंपासपेटीतली पट्टी आणली. तीन महिन्यांत माझ्या नखाची मेंदी मुळापासून ८ मिलिमीटर सरकली होती, तिची १०. वय तिचं ३१. मला आधी वाटलं माझ्यातच काही खोट आहे, पण मग वाचलं की विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून ती टोकाला जायला किती दिवस लागतात हे ३५ वर्षं लिहून ठेवलं होतं. ३२ व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढायचं, ६७ व्या वर्षी ०.०९५. म्हणजे वयाने वेग कमी होतो, बाईचाही आणि बुवाचाही. (३५ वर्षं! मला औषधाची डायरी एक महिना लिहिवत नाही.)

आणि पट्टी हातात असतानाच डोक्यात लख्ख पडलं. नख तयार होतं मुळाशी, कातडीच्या आत. बाहेर आलेलं नख मेलेलं असतं, त्याला तुम्ही काहीही खायला घाला, पोहोचत नाही. मी गोळ्या सुरू केल्यावर जे नख बनलं ते माझ्या बोटावर मुळाकडचं बिनरंगाचं ८ मिलिमीटर, किंवा त्याहून थोडं कमीच. आणि फेब्रुवारीत सुधारलं काय होतं? टोक. टोक केशरी होतं. म्हणजे ते गोळीच्या आधीचं नख होतं, पुतणीच्या लग्नाआधीचं. मग ते गोळीने कसं सुधारलं?

मुलगी म्हणाली, जानेवारीत वेगळं काय झालं आठव. आठवायला काय लागतंय. डिसेंबरच्या सुरुवातीपासून आमच्या कामवाल्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या होत्या, लग्नघरातली आणि नंतरची सगळी भांडी मी घासत होते, आणि २० जानेवारीला त्या परत आल्या. एवढंच.

तरी मी म्हटलं, एकदम असा निकाल नको लावायला, पैसे गेलेत. पण मग शिमगा आला, मावशी दहा दिवस कोकणात, आणि मी रोज दोन-दोन गोळ्या खात असताना आठव्या दिवशी डाव्या तर्जनीला खारी परत सुरू. मेंदीचा पातळ पापुद्रा निघून खाली पांढरं अर्धवर्तुळ दिसायला लागलं, पुरावाच.

इथपर्यंत मी फक्त चिडले होते. खरा राग एप्रिलमध्ये आला. वर्षातून दोनदा थायरॉइडची टेस्ट करते, नेहमी टीएसएच तीनच्या आसपास. ह्या वेळी ०.०८. टी-४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, वर गेलेलं. टीएसएच खाली आणि टी-४ वर म्हणजे कागदावर तरी गोळी जास्त होतेय. धडधड नाही, वजन घटलेलं नाही, झोप नेहमीसारखी वाईट. डॉक्टर गोळी कमी करायला निघाले होते, पेन हातात, आणि मग विचारलं, "केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?" मी बरणीचा फोटो दाखवला. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि ह्या दोन गोळ्यांत १०,००० मायक्रोग्रॅम, तीनशे पटींच्या वर. अनेक लॅबमध्ये ह्या टेस्टचं किटच बायोटिनच्या जोडणीवर चालतं, म्हणून रक्तात बायोटिन जास्त असलं की मशीन फसतं, टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने, एफडीएने, ह्याबद्दल २०१७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये इशारा दिलाय, आणि त्यात हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची टेस्टही खोटी कमी येऊ शकते हे आहे. विचार करा, छातीत दुखतंय आणि रिपोर्ट म्हणतो सगळं ठीक.

८ एप्रिलला गोळ्या बंद, आठवड्याने परत टेस्ट, टीएसएच २.९. दुसऱ्या टेस्टचे ४०० रुपये माझ्याच पर्समधून. बरणीवर "ग्लुटेन फ्री" लिहायला जागा आहे, "व्हेगन" लिहायला आहे, हिरवं पान काढायला आहे, रक्त तपासायच्या आधी बंद करा एवढी एक ओळ लिहायला जागा नाही.

मग कस्टमर केअर. चॅटवर "डियर कस्टमर", मग दोन दिवस शांतता, मग बरणीचा फोटो मागितला, झाकण काढून. दिला. उत्तर आलं की सील उघडलेलं असल्यामुळे रिफंड बसत नाही. म्हणजे ज्या सीलने माझं नख सोलवटलं तेच सील आता माझ्या विरुद्ध साक्षीला! मी लिहिलं की सील न उघडता गमी खायची युक्ती सांगा. तिकीट क्लोज्ड.

त्याच सुमारास स्किनच्या डॉक्टर बाईंनाही दाखवून घेतलं. त्यांनी दोन मिनिटं भिंगातून बघितलं आणि सांगितलं, उभ्या रेघा म्हणजे नखाच्या सुरकुत्या समजा, वयाच्या आहेत. आडवी खाच आली तर विचार करायचा, मोठं आजारपण किंवा जोराचा ताप येऊन गेला की मुळाशी नख बनणं थांबतं आणि मग ती खाच हळूहळू पुढे सरकते (माझ्या मेंदीसारखीच). नख चमच्यासारखं खोलगट झालं तर लोह बघायचं, ते माझं ठीक निघालं. एकाच नखावर नवीन काळी रेघ दिसली आणि ती रुंद व्हायला लागली तर वाट न बघता यायचं. कॅल्शियमचं विचारलं तर हसल्या, नख केराटिन नावाच्या प्रोटीनचं असतं, कॅल्शियम त्यात नावापुरतं. जाऊबाईंना फोन करून सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

बायोटिन अगदीच थोतांड आहे का, तर तसंही डॉक्टर बाई म्हणाल्या नाहीत. ही कल्पना घोड्यांच्या खुरांवरून आली, आणि १९९० च्या एका छोट्या अभ्यासात रोज अडीच मिलिग्रॅम घेऊन ठिसूळ नखं २५ टक्के जाड झाली होती, पण त्यात लोकांनी सहा महिने आणि त्याहून जास्त घेतलं होतं. माझ्यासारखं दोन महिन्यांत चार स्टार नाही. आणि थायरॉइडवाल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

वय झालं की नखातला तेलकटपणा कमी होतो आणि पाळी गेल्यावर कातडीसारखंच ते कोरडं पडतं, त्यात दिवसातून दहा वेळा भिजलं, सुकलं, भिजलं, सुकलं की थर सुटतात, हे त्यांचं म्हणणं. भांड्यांचा साबण उरलंसुरलं तेल काढून नेतो. उपाय ऐकून मला गोळ्यांच्या १७९८ रुपयांचं दुःख नव्याने झालं: भांड्यांना रबरी ग्लोव्हज, आत सुती मोजे कारण नुसत्या रबरात घाम येऊन नख आतून भिजतंच, रात्री नखांना आणि मुळाशी खोबरेल किंवा व्हॅसलीन, नखं आखूड, फाइल एकाच दिशेने, नेलपेंट काढायला ॲसिटोन नको. रबरी ग्लोव्हज १२० चे, सुती ४० चे, खोबरेल घरात आहेच.

दीड महिना झाला. अंगठा अजून रेघाळ आहे आणि राहणार, पण पापुद्रे नाहीत, आणि मावशी मध्ये चार दिवस आल्या नव्हत्या तरी नाहीत. मावशींसाठीही एक जोडी आणली होती, त्यांची नखं माझ्याहून वाईट आहेत आणि ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. त्या घालत नाहीत. म्हणतात, ताई, हात लागल्याशिवाय तेलकट राहिलंय का कळत नाही. भांडं त्यांनीच बोटाने तपासून मला दाखवलं, बरोबर आहे त्यांचं. निदान जाताना हाताला खोबरेल लावून जातात.

शेवटच्या बरणीत बारा गोळ्या उरल्यात, कोणाला देत नाहीये. बाकीच्या दोन बरण्यांत लवंग आणि वेलची भरलीय, झाकणं फेकून दिली, वर वाटी पालथी घालते. आणि ग्लोव्हज घेणाऱ्यांनो, मिडियम घेऊ नका, बोटांच्या टोकाला सैल राहतात आणि वाटी निसटते, बायकांनी स्मॉल घ्या.